निर्मलाने ठरवलेलं नाव

मंगळवारी सकाळी निर्मलाने बाळाला अंघोळ घातली, मानसीला खायला दिलं, आणि ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा तिचा श्वास थांबला होता. निर्मला माझी बायको. मानसी आमची एकुलती मुलगी. बाळ मानसीचं, नऊ दिवसांचं. त्याला अजून नाव नव्हतं.

मानसी आणि जावई निखिल जर्मनीत राहतात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं हा निर्मलाचा हट्ट, म्हणून मानसी आठव्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला आली. निखिल बाळाचं तोंड पाहून रजा संपल्यावर परत गेला होता. सासूच्या निरोपाला तो पुन्हा आला, दोन दिवस राहिला आणि त्याला पुन्हा जावं लागलं. मानसीचा तिकडे राहण्याचा परवाना असा, की सहा महिन्यांच्या आत परत पोचली नाही तर तो रद्द होणार. त्यातले दोन महिने बाळाच्या जन्माआधीच गेले होते. उरलेल्या चार महिन्यांत बाळाचा जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग मुंबईला जाऊन व्हिसा, मग तिकीट. हे सगळं निर्मलाने एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलेलं होतं. त्यातल्या एकाही कामापुढे माझं नाव नव्हतं. मी निवृत्त ग्रंथपाल, कॉलेजच्या वाचनालयात जन्म काढलेला. घरातली कामं आणि देव हे दोन्ही विषय मी फार पूर्वीच तिच्याकडे सोपवले होते.

सगळ्याची सुरुवात नावापासून होणार होती. नाव निर्मलाने ठेवायचं असं मुलांनीच ठरवलं होतं, आणि तिने ते मनाशी पक्कंही केलं होतं. पण आमच्याकडे बारशाआधी नाव फोडत नाहीत. मानसीने लाडीगोडी लावली. निखिल फोनवरून म्हणाला, "आई, निदान पहिलं अक्षर तरी सांगा, मी बॉसला काय सांगू?" निर्मला म्हणाली, "बॉसला सांगा, सासू ऐकत नाही. पाळण्यात बाळ आणि कानात नाव. तोवर कुणाला नाही." बाराव्या दिवशी बारसं होतं. त्या दिवशी आमच्या घरी पाळणा बांधला गेला नाही. सुतक होतं, आणि मी पिंडाच्या तयारीची यादी वाचत होतो.

तेराव्यानंतर मी प्रभाग कार्यालयात गेलो. जन्माची आणि मृत्यूची नोंद एकाच खिडकीत होते, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. मी दोन अर्ज आत सरकवले. खिडकीतली मुलगी वयाने मानसीएवढी असेल. तिने पहिल्या कागदावरची तारीख पाहिली, दुसऱ्यावरची पाहिली, आणि मला आतली खुर्ची दिली. निर्मलाचा दाखला लगेच मिळाला. बाळाच्या दाखल्यावर नावाची जागा मोकळी होती, कारण दवाखान्याचा फॉर्म भरताना मीच "बारशानंतर" असं सांगून ती मोकळी ठेवली होती. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, नाव नसलेला दाखला पासपोर्टला चालणार नाही. नाव आणि ताईंची सही घेऊन या, मी लगेच घालून देते." चूक तिची नव्हती, कुणाचीच नव्हती. आमची रीतच तशी होती.

मी घरी येऊन मानसीला म्हणालो, एखादं छानसं नाव ठेवू. तिने मान हलवली. "आईनं ठरवलंय बाबा. ते कुठेतरी असेल. ते सोडून दुसरं मी ठेवणार नाही." मला तिचं म्हणणं कळलं. मग मी मला येणारं एकच काम केलं, शोधायला बसलो. निर्मलाच्या डायऱ्या, भजनाच्या वह्या, पाककृतींची वही, दिनदर्शिकेच्या मागच्या बाजू, फोनमधले मेसेज, पोथीतल्या खुणा. पस्तीस वर्षं मी लोकांना हवा तो संदर्भ काढून दिला होता. कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, हे न पाहता सांगत असे. निर्मलाच्या कागदांत मला दुधाचा रतीब सापडला, माझ्या गोळ्यांच्या वेळा सापडल्या, दिवाळीतल्या अनारशांचं प्रमाण सापडलं. नाव सापडलं नाही. तिच्या मैत्रिणींना, बहिणीला, भजनी मंडळातल्या बायकांना फोन केले. सगळ्या हळहळल्या आणि सगळ्या तेच म्हणाल्या, "आम्हीही विचारलं होतं, सांगितलं नाही."

दिवस जात होते. बाळंतिणीचं आणि बाळाचं करायला माझ्याशिवाय घरात कुणी नव्हतं. निर्मलाची बहीण आठवडाभर राहून गेली, तेवढ्यात मी तिच्याकडून शिकून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं: तेल किती कोमट, बाळाला पायावर कसं घ्यायचं, डोकं कुठल्या हाताने धरायचं, ओव्याची धुरी कधी द्यायची. पहिल्या दिवशी मी बाळाला पुस्तकासारखं एका हातात घेऊ लागलो तेव्हा मानसी मला म्हणाली, "बाबा, ती पुस्तक नाही, पडली तर बाइंडिंग नाही करता येणार." आम्ही दोघेही हसलो, आणि हसल्याची आम्हा दोघांनाही लाज वाटली. अंघोळीनंतर बाळाच्या कपाळावर काजळाची तीट लावताना मला रोज वाटे, हिला काय म्हणून हाक मारू? आम्ही तिला "बाळ" म्हणत होतो, शेजारी "छकुली" म्हणत होते. कागदावर ती कुणीच नव्हती. आणि कागदावर कुणी नसलेलं माणूस सीमा ओलांडू शकत नाही.

दीड महिना झाला तेव्हा निखिलने फोन केला. तो सौम्य मुलगा आहे. तो म्हणाला, "बाबा, आता नाव घालावंच लागेल. नाहीतर मानसी तिथे आणि मी इथे, असं वर्ष जाईल. परवाना गेला की सगळं पहिल्यापासून." मी मानसीला ते सांगितलं. तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबू. सोमवारी तुम्ही सांगाल ते नाव लिहीन. पण मग मला त्या नावाने तिला हाक मारता येईल का, ते माहीत नाही." त्या दिवशी सोमवार यायला पाच दिवस होते.

निर्मलाचा एक शब्द राहिला होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती खुलताबादला भद्रा मारुतीला जात असे. सव्वा महिना झाला की बाळाला त्याच्या पायावर घालीन, असं ती बोलली होती. हे मात्र तिने सगळ्यांना सांगितलं होतं. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, तान्ह्या बाळाला त्या गर्दीत कसं न्यायचं, म्हणून मी गुरुवारी गाडी सांगितली. श्रद्धेने गेलो असं मी म्हणणार नाही. घरी देवापुढे दिवा मी लावत होतो, हात जोडत नव्हतो. एखाद्याने मागे ठेवलेलं काम पुरं करावं, त्या भावनेने निघालो. दौलताबाद मागे पडलं, घाट चढून वर आलो. मानसी मागच्या सीटवर झोपली होती. बाळ जागं होतं आणि माझ्याकडे टक लावून बघत होतं.

इथला मारुती आडवा आहे, निजलेला. लहानपणी पाहिलेली मूर्ती, पण त्या दिवशी शेंदराने माखलेलं ते निजलेलं रूप पाहून मला राग आला. एवढं आमच्या घरावरून गेलं आणि तू झोपलेला, असं मनात आलं. मानसीने बाळाला उंबऱ्याशी टेकवलं, पुजाऱ्याने अंगारा लावला. मी मागे उभा होतो. रागाच्या मागे थकवा होता, तो तेव्हा वर आला. मी कधी देवाशी बोललेलो नाही, त्यामुळे काय बोलायचं ते कळेना. मनात एवढंच म्हणालो, "मला सापडत नाही. मी शोधणं थांबवतो. तिचा शब्द पुरा केला, आता मुलीचं तू बघ." आणि कितीतरी दिवसांनी माझे हात जोडले गेले. बाहेर आलो तेव्हा मनात दुसरं नाव ठेवायची तयारी झाली होती. कोणतं, तेही ठरलेलं नव्हतं.

चपला घालत होतो तर समोरच्या दुकानातून आवाज आला. रुईच्या पानांच्या माळा, नारळ, तेलाच्या पुड्या, आणि त्यांच्यामागे पाय पसरून बसलेली साठीची एक बाई.

"ओ बाबा, माळ न घेताच आत गेला व्हय? मोकळ्या हातानं भेटत्यात का कुनी मारुतीला?"

मी ओशाळून म्हणालो, "माहीत नव्हतं. हे सगळं बायको बघायची."

"पुरुषास्नी काय म्हाईत असतंय," ती शेजारणीकडे बघून म्हणाली, आणि मग तिची नजर मानसीवर गेली. ती निरखून बघत राहिली. "थांब गं पोरी. तू निर्मलाताईंची लेक का काय? तोंडावळा त्योच. त्या भजनवाल्या, शनवारी येनाऱ्या."

मानसीने मान डोलावली.

"बघ! मी म्हनलंच. अन् ताई कुठं हायत? दोन महिनं झालं, गाठ नाय पडली. माझंबी गुडघं धरलं, मी कुठं बसते हितं. सून बसती. आज ती वैजापूरला गेली भावाच्या साखरपुड्याला, म्हनून आले." तिने आमच्या मागे पाहिलं, कुणी येतंय का म्हणून.

मी सांगितलं. मला वाटतं मी फार थोड्या शब्दांत सांगितलं, निर्मला गेल्याचं आणि ही तिची नात असल्याचं. तिने हातातली अर्धी माळ तशीच मांडीवर ठेवली, पदराने डोळे पुसले, आणि मानसीकडे हात पसरले. मानसीने बाळ तिच्या ओंजळीत दिलं. तिने बाळाचं तोंड उजेडाकडे केलं आणि म्हणाली, "अशी हाय व्हय आमची यमुना."

माझ्या आईचं नाव यमुना होतं.

मानसी माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "यमुना का म्हणालात?"

"का म्हंजी? ताईनं ठरवलं हुतं न्हवं? पोरगा झाला तर अद्वैत अन् पोरगी झाली तर यमुना. मी म्हनलं, ताई, यमुना लई जुनं वाटतंय, आता कुनी ठेवत नाय. तर हसल्या. म्हनल्या, कांताबाई, सासूबाईंचं नाव हाय. जन्मभर भांडले त्यांच्याशी. आता त्यांच्याच नावानं दिवसातनं शंभर हाका मारीन, मग बघू कशा रुसून बसत्यात."

मी दुकानाच्या फळीवर बसलो. माझी आई आणि निर्मला यांच्यात काय होतं, ते आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. शेवटची तीन वर्षं त्या एका घरात राहून एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत. आई गेली तेव्हाही निर्मला रडली नव्हती, आणि त्याबद्दल मी तिला एकदा, एकदाच, बोललो होतो. त्यानंतर आमच्यात आईचा विषय निघाला नाही. मी शेकडो नावांची यादी केली होती, पण हे नाव मी कधीच लिहिलं नसतं. कागदांमध्ये ते असतं तरी मी पुढचं पान उलटलं असतं.

"पण तिनं तर कुणालाच सांगितलं नव्हतं," मानसी म्हणाली.

"मी कुठं कुनी हाय?" कांताबाई म्हणाल्या. "माळ घेताना विचारलं कुनासाठी, तर सांगितलं. चा पिता पिता."

मग मानसीने जे केलं ते मला सुचलं नसतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा तिच्या कानात." कांताबाई मागे सरकल्या. "अगं, आत्याचा मान असतुया त्यो. माझ्या हातून कसं?" "आत्या पुण्यात आहे. आईने नाव तुमच्यापाशी ठेवलं." कांताबाईंनी क्षणभर देवळाकडे पाहिलं. मग फुलांच्या बादलीतल्या पाण्याने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. शेजारच्या पेढेवालीने माळांची टोपली रिकामी करून तीत आपली धुतलेली साडी अंथरली. नारळवाली आली, वाटेने जाणाऱ्या दोन बायका थांबल्या. बाळाला टोपलीच्या वरून, खालून दिलं, जसं पाळण्याला देतात तसं. आणि कांताबाई वाकून बाळाच्या कानाशी गेल्या. त्यांनी नाव उच्चारलं तशी चारी बायकांनी त्यांच्या पाठीवर धपाधप थापा मारल्या, रीतच असते ती, पण पेढेवालीने बहुधा जुना हिशोब काढला.

"हळू की गं भवाने. गुडघं गेल्यात, आता पाठ मोडतीस का?"

"एक नाव सांगितलं तर एवढा तोरा? खा अजून."

बाळ त्या गोंधळात दचकलं नाही. टोपलीत पडून सगळ्यांकडे बघत होतं. पेढेवालीने वाटेल त्याला पेढे वाटले. मानसी आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली, आणि रडता रडता बाळाला हाक मारत होती, "यमुना, ए यमुना." तिला त्या नावाने हाक मारता येते आहे हे मी ऐकत होतो. रुईच्या पानांची माळ घेऊन मी पुन्हा आत गेलो. मारुती निजलेलाच होता. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

शुक्रवारी खिडकी उघडण्याआधी मी मानसीची सही घेऊन प्रभाग कार्यालयात होतो. त्याच मुलीने विचारलं, "नाव आणलं का काका?" मी आयुष्यभर वाचनालयात हळू बोललेला माणूस, त्या काचेशी मी एवढ्या मोठ्याने नाव सांगितलं की मागच्या रांगेतले लोक पुढे बघू लागले. तिने ते टंकलं, मला पडद्यावर दाखवलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासायला लावलं, आणि दाखला दिला. मग सगळं एकामागून एक होत गेलं. फोटोवाल्याने बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवलं आणि म्हणाला, "काका, ही तीट पुसा, मशीनला डाग वाटतो." मी पुसली. पण मग यमुना डोळे मिटून बसली. तो फोटोवाला चुटक्या वाजवून दमला, किल्ल्या हलवून दमला. मी सहज नावाने हाक मारली आणि तिने डोळे उघडले. फोटोत तिचे डोळे चांगले टपोरे आहेत. पासपोर्ट पोस्टाने आला तेव्हा मी पाकीट दारातच फोडलं. नावाच्या रकान्यात माझ्या आईचं नाव होतं आणि जन्मस्थळाच्या रकान्यात आमचं गाव. मुंबईला व्हिसाच्या रांगेत यमुना पूर्ण वेळ झोपली. फ्रिजवरच्या कागदावरची प्रत्येक ओळ मी खोडली. तिकीट सहा महिने पुरे होण्याच्या आठवडाभर आधीचं मिळालं.

विमानतळावर आत सोडणाऱ्या जवानाने पासपोर्ट पाहिला, बाळाकडे पाहिलं, आणि हसून विचारलं, "यमुना कौन है?" मानसीने झोळीतलं बाळ जरा उंच केलं. यमुनाने त्याच वेळी असा काही टाहो फोडला की त्याने लगेच आत जायला हात केला. मी काचेबाहेरून बघत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटत होतं. निर्मलाने सुरू केलेलं काम तडीला गेलं होतं. माझ्या घरातल्या दोन बायका, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकाच हाकेत समुद्रापलीकडे चालल्या होत्या.

या गोष्टीला चमत्कार म्हणावं का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. बुद्धी म्हणते, निर्मला बोलकी होती, कुठेतरी बोलली असणारच. खरं आहे. पण कांताबाई दोन महिन्यांत त्या एकाच दिवशी दुकानात बसल्या होत्या. मी पुन्हा गेलो तेव्हा दुकानात त्यांची सून होती; तिने मला ओळखलं नाही, मानसीलाही ओळखलं नसतं. ही रांगोळीसारखी जुळलेली गोष्ट मी रोज पाहतो आणि तिच्याखाली कारण लिहीत नाही. मला एवढंच कळलं की मी एक माणूस कागदांत शोधत होतो. निर्मला कागदांत नव्हतीच. ती जिथे जात होती, ज्यांच्याजवळ बसून चहा पीत होती, तिथे मी पस्तीस वर्षांत एकदाही तिच्याबरोबर गेलो नव्हतो. जे ती विश्वासाने कुणापाशी ठेवून गेली ते मला माझ्या हुशारीने मिळालं नाही. मी हात टेकले तेव्हा ते मिळालं. हात टेकणं म्हणजे हरणं, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. ते देवाच्या हाती देणंही असतं, हे मला उशिरा कळलं, पण कळलं. ज्याने ते कळवलं त्याचा, आणि कांताबाईंचा, मी ऋणी आहे.

मानसी आणि निखिल तिकडे आहेत, मी इथे आहे. दर रविवारी फोन येतो. निर्मला नाही. यमुना आहे, आणि ती आता पालथी पडते.